गाळा किती मोठा घ्यावा?
घरातला माल घराबाहेर नेताना करावयाचा हिशेब

आपल्या समाजातील लहान व्यापारी आणि कारागीर यांची एक जुनी सवय आहे. दुकान भरले की उरलेला माल घरी येतो. गठाणी दिवाणखाली जातात, साड्यांची खोकी जिन्यात रचली जातात, शिवायला आलेले कपडे गॅलरीत टांगले जातात. रमजान जवळ आला की माणसांना वावरायला जागा उरत नाही. याला आपण काटकसर म्हणतो. वेगळ्या जागेचे भाडे वाचले याचे समाधान वाटते. परंतु या काटकसरीची खरी किंमत काय आहे, याचा विचार आता गांभीर्याने करण्याची वेळ आली आहे.

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, छावणीतील दाणा बाजारात तळमजल्यावरील शिलाईच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण गुदमरून मरण पावले. त्यांत लहान मुलेही होती. त्याआधी ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनविणाऱ्या कारखान्यात आग लागून आत झोपलेले सहा कामगार दगावले. १८ मे २०२५ रोजी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. मालकाचे कुटुंब कारखान्यातच राहत होते. तिन्ही घटनांची कारणे वेगळी असतील, परंतु कापड किंवा सूत आणि झोपलेली माणसे एकाच छपराखाली होती, ही गोष्ट तिन्हीकडे समान आहे. कापडाचा ढीग ज्वाळेने पेटण्याआधी बराच वेळ धुमसतो आणि त्याचा विषारी धूर झोपलेल्या माणसाला जागे होण्याची संधी देत नाही. म्हणून माल घरातून बाहेर काढणे हा पहिला मुद्दा. तो कोठे आणि किती जागेत ठेवावा, हा दुसरा. या लेखात मुख्यतः दुसऱ्या मुद्द्याविषयी लिहीत आहोत.

जुन्या घरांत ही अडचण नव्हती

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांत धान्यासाठी बळद असे, जमिनीत पेव असे, वर माळा असे. जुना बाजार, चेलीपुरा, शहागंज या भागांतील जुन्या घरांत सामानासाठी एखादी अंधारी कोठडी असायचीच. आता त्या घरांच्या वाटण्या झाल्या. मुले दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. चारशे-साडेचारशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये पाच-सहा माणसे राहतात. तेथे माळा म्हणजे स्वयंपाकघरावरचा दोन फुटांचा सज्जा. संसार तेवढाच राहिला, कोठडी मात्र गेली.

अमेरिकेत ही गरज ओळखून १९६० च्या दशकात टेक्सास राज्यात लहान लहान गाळे भाड्याने देण्याचा धंदा सुरू झाला. गाळ्याला कुलूप आपले, किल्ली आपली, भाडे महिन्याचे. तेथे पाच बाय पाच, पाच बाय दहा, दहा बाय दहा फूट अशी मापे ठरून गेली आहेत. पाच बाय दहात एका खोलीचे सामान आणि दहा बाय दहात लहान फ्लॅटचे सामान मावते, असा तेथील ढोबळ अंदाज आहे. मुंबई-पुण्यातही आता अशा सेवा निघाल्या आहेत. आपल्याकडे बहुतेकांना साधा शटरचा गाळा, एखाद्याच्या घराची खालची खोली किंवा शहराबाहेरची शेड यांतूनच निवड करावी लागते. जागा कोणतीही असो, माप काढण्याची रीत एकच आहे.

माप कसे काढावे

आपण जागा चौरस फुटांत विचारतो, पण माल जागा घेतो घनफुटांत. म्हणून प्रथम टेप घेऊन प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजावी व तिन्हींचा गुणाकार करावा. हे काम कागदावर करावे. नजरेचा अंदाज येथे उपयोगी पडत नाही.

घरगुती सामानाचा एक नमुना घेऊ. दोन लोखंडी ट्रंका, प्रत्येकी ३ बाय २ बाय दीड फूट, म्हणजे १८ घनफूट. उन्हाळ्यानंतर आठ महिने पडून राहणारा मोठा कूलर, १४ घनफूट. गाद्या-रजयांचे चार गठ्ठे, २७. स्टँडसह शिलाई मशीन, ११. एकात एक ठेवलेल्या देगा आणि पातेली, १८. दीड फुटी बारा खोकी, ४० च्या वर. एकूण सुमारे १३० घनफूट. वस्तू एकमेकींना चिकटून बसत नाहीत, मध्ये पोकळी राहते. त्यासाठी चौथा हिस्सा वाढवावा, म्हणजे १६३ झाले. सामान सहा फूट उंचीपर्यंत रचले तर १६३ भागिले ६, म्हणजे जमिनीवर २७ चौरस फूट लागतील.

आता कोणी म्हणेल, पाच बाय सहाचा गाळा पुरे. सामान त्यात जाईलही, परंतु मागची ट्रंक काढायची झाल्यास सगळे सामान रस्त्यावर मांडावे लागेल. दाराशी उभे राहून हात घालण्यापुरती दोन फुटांची पट्टी हवी. म्हणून पाच बाय आठ, म्हणजे ४० चौरस फूट घ्यावेत. ट्रंका आणि कूलर भिंतीकडे ठेवावेत, गाद्या-रजया भिंतीला टेकू देऊ नयेत.

आता व्यापारी मालाचा नमुना. समजा वीस गठाणी आहेत आणि प्रत्येक गठाण ३ बाय २ बाय २ फुटांची आहे. हे झाले २४० घनफूट. साड्यांची आणि तयार कपड्यांची चाळीस खोकी, प्रत्येकी साडेचार घनफूट, म्हणजे १८०. बेरीज ४२०. चौथा हिस्सा वाढविला की ५२५. छत नऊ फुटांचे असेल तर माल सातच फूट रचावा. वरचे दोन फूट मोकळे ठेवावेत, कारण तेथेच दिवा आणि वायरिंग असते. ५२५ भागिले ७, म्हणजे ७५ चौरस फूट.

परंतु ७५ फुटांचा गाळा घेऊन चालणार नाही. मधून माणूस गठाण घेऊन जाऊ शकेल अशी दोन फुटांची वाट हवी. दोन्ही बाजूंना आणि मागच्या भिंतीपासून अर्धा फूट अंतर हवे. दहा बाय बाराच्या गाळ्यात हे सर्व वजा केल्यावर मालासाठी ८० चौरस फूट शिल्लक राहतात. म्हणजे माल ७५ चौरस फुटांचा असला तरी गाळा १२० चा लागतो. दोन्ही नमुन्यांवरून एक साधा नियम निघतो. मालाच्या खालची जागा जितकी भरेल, तिच्या दीडपट गाळा पाहावा. दीडपटीपेक्षा कमी घेतल्यास रोजची ओढाताण, आणि दुपटीपेक्षा जास्त घेतल्यास रिकाम्या हवेचे भाडे.

किती महिन्यांचा माल धरावा

मोजणी कोणत्या महिन्यात करावी, हाही प्रश्न आहे. लग्नसराईचा माल आणि ईदचा माल यांचे दिवस एक नसतात. शिवाय इंग्रजी कॅलेंडरच्या हिशेबाने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. २०१६ मध्ये ईद-उल-फित्र जुलैत, भर पावसाळ्यात आली होती. तेव्हा माल कोरडा ठेवण्याची काळजी होती. २०२५ मध्ये ती मार्चअखेर आली. येत्या वर्षांत ती थंडीकडे सरकेल आणि ईदचा माल व थंडीच्या रजया-शाली एकाच वेळी गोदामात असतील. म्हणून मागच्या वर्षीच्या अंदाजावर पुढच्या तीन वर्षांचा करार करू नये. बाराही महिने जेवढा माल पडून असतो, तेवढ्याचा गाळा कायम घ्यावा आणि हंगामाच्या दोन-अडीच महिन्यांसाठी वेगळी जागा पाहावी किंवा शेजारच्या व्यापाऱ्याशी वाटणी करावी. वाटणीत कोणाचा माल कोणत्या बाजूला आणि भाडे कोणी किती द्यायचे, हे लिहून ठेवावे.

गाळ्यात काय ठेवू नये, हेही ठरवावे. समजा दोन लाखांचा माल आठ महिने पडून आहे आणि गाळ्याचे भाडे महिना तीन हजार आहे. भाडेच २४ हजार झाले, म्हणजे मालाच्या किमतीच्या १२ टक्के. अनेकांचा नफाही तेवढाच असतो. असा माल खरेदीच्या भावात किंवा थोड्या तोट्यात काढून टाकणे अधिक किफायतशीर. घरच्या सामानाचेही तसेच. तीन वर्षांत ज्या खोक्याची गाठ सुटली नाही, ते भाड्याच्या जागेत नेण्यापूर्वी कोणा गरजूला द्यावे.

जागा पाहताना

गाळा शक्यतो पावसाळ्यात पाहावा. उन्हाळ्यात सर्व भिंती कोरड्या दिसतात. पावसाळ्यात जाणे शक्य नसेल तर भिंतीच्या खालच्या दोन फुटांत पोपडे, पांढरा क्षार किंवा नवा रंग आहे का ते पाहावे. खालच्या पट्ट्यालाच नवा रंग असेल तर ओल लपविलेली असण्याची शक्यता धरावी. तळघर स्वस्त मिळते, परंतु कापडासाठी टाळलेले बरे. जमिनीवर लाकडी फळ्या किंवा चौकटी टाकून चार-सहा इंच उंचीवर गठाणी ठेवाव्यात, आणि फळ्यांना वाळवी नाही याची खात्री करावी.

हिमरू शाली, पैठणी, जरीचा माल यांना प्लास्टिकमध्ये कोंडू नये. धुतलेल्या मलमलीत गुंडाळावे आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत.

गाळ्यात मोबाईल, बॅटरी किंवा विजेची स्कूटर चार्जिंगला लावू नये. गॅसचे सिलिंडर, रंग, थिनर ठेवू नयेत. निघताना मुख्य बटण बंद करावे. गाळ्याच्या वर कोणी राहत असेल तर त्यांचा जिना आपल्या मालाने अडणार नाही, हे आपले कर्तव्य आहे.

कागदपत्रे

अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, असा समज अजूनही आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी जागामालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद उद्भवला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. तरीही वादाची वाट न पाहता नोंदणीचा आग्रह धरावा.

ज्यांचे जीएसटी नोंदणीपत्र आहे त्यांनी गोदामाचा पत्ता व्यवसायाची अतिरिक्त जागा म्हणून त्यात घालावा. तपासणीत नोंद नसलेल्या जागी माल सापडला तर खरेदीची बिले हातात असूनही त्रास होतो. ज्यांनी आगीचा विमा घेतला आहे त्यांनीही नवा पत्ता विमा कंपनीला लेखी कळवावा. पॉलिसीत दुकानाचाच पत्ता असेल तर गोदामातील मालाची भरपाई मिळण्यात अडचण येते.

हे सर्व वाचून एखाद्या लहान शिलाईवाल्याला वाटेल, की आपली एवढी ऐपत नाही. त्याने पाच बाय आठपासूनच सुरुवात करावी, किंवा तिघांनी मिळून एक दहा बाय बारा घ्यावा. तेही जमत नसेल तर निदान या शुक्रवारी, दुकान बंद असेल तेव्हा, घरातला जिना आणि दाराजवळची जागा तरी मोकळी करावी. त्याला भाडे लागत नाही.