उंदरांचा व्यायाम आणि मानवी स्मृतिभ्रंश

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्या कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या रिसालीसारख्या वसाहतींतील आरंभीच्या पिढ्या आज वार्धक्यात आहेत. वडीलधाऱ्यांना विसर पडू लागला, की मराठी घरांत 'साठी बुद्धी नाठी' या म्हणीवर विषय संपतो. ग्रांथिक भाषेतील 'स्मृतिभ्रंश' हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोध व संमोह यांच्या परिणामांच्या साखळीत येतो. म्हण विसराला वयाचा धर्म ठरविते. शब्दाची परंपरा त्यास मनोदोषाशी जोडते. अल्झायमरचा विकार या दोहोंहून निराळा, प्रत्यक्ष मेंदूच्या द्रव्यात घडणारा रोग होय.

जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याचे प्रथम वर्णन केले. या रोगात अमायलॉइड प्रथिनाचे पुंजके मज्जापेशींबाहेर साचतात, तर टाऊ प्रथिनाचे गुंते पेशींच्या आत. उंदराला हा रोग निसर्गतः होत नाही. दोषयुक्त मानवी जनुक त्याच्यात घालून असे पुंजके घडविले जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी अशा कोवळ्या उंदरांच्या पिंजऱ्यात धावण्याचे चक्र ठेवले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पाच महिने स्वेच्छेने धावल्यावर हिप्पोकॅम्पस या स्मृतिकेंद्रातील पुंजके सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले, आणि पाण्याखाली दडलेला चौथरा शोधण्यास ते उंदीर लवकर शिकले.

यावरून माणसाविषयी काय म्हणता येईल? इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंश जडलेल्या ४९४ व्यक्तींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. व्यायामाने त्यांची शारीरिक क्षमता वाढली. बुद्धीचा ऱ्हास मात्र मंदावला नाही. हा विरोध केवळ दिसण्यापुरता असू शकेल. उंदरांचा व्यायाम रोग बळावण्यापूर्वीच सुरू झाला होता. माणसांचा, रोग जडल्यानंतर. शिवाय उंदराच्या अंगी असतो तो रोगाचा एक अंश, संपूर्ण रोग नव्हे.

म्हणून दीर्घकालीन व्यायामाकडे उपचार म्हणून नव्हे, तर संभाव्य प्रतिबंध म्हणून पाहणे युक्त ठरते. हा भेद सुटला, तर 'चालला नाही म्हणून विसरला' असा नवा दोषारोप रुग्णावर येईल, आणि म्हणीतला अन्याय विज्ञानाच्या भाषेत पुन्हा अवतरेल.