मुदत सरली, जबाबदारी नाही

कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड परगण्यात १९५६ साली एका दरीत कारखान्यांचं विषारी सांडपाणी ओतायला सुरुवात झाली. जागा राज्य सरकारच्याच पसंतीची होती. खालचा खडक अभेद्य आहे, असा सरकारी भूगर्भशास्त्रज्ञाचा निर्वाळा होता. प्रत्यक्षात तो भेगाळलेला निघाला. १९६९च्या पावसात खड्डे भरून वाहिले. १९७२ साली हे ‘स्ट्रिंगफेलो आम्लखड्डे’ बंद झाले, तोवर तीन कोटी गॅलनहून जास्त घातक द्रव तिथे ओतून झाला होता. तो भूजलात उतरला.

१९८०च्या ‘सुपरफंड’ कायद्यानं अशा जुन्या घाणीचा खर्च ती करणाऱ्यांवर आणि जागेच्या मालकांवर टाकला, तोही मागच्या काळापासून. मग हा खर्च अंगावर आलेल्यांनी जुन्या विमा पॉलिसी शोधायला कपाटं उघडली. १९६६ नंतरच्या प्रचलित दायित्व पॉलिसीत महत्त्वाचं होतं ते नुकसान कधी झालं. ते मुदतीत झालेलं असेल, तर दावा कित्येक वर्षांनी केला तरी चालत असे. पुढे १९७३च्या नमुन्यात ‘अचानक आणि अपघाती’ प्रदूषणच ग्राह्य ठरलं, आणि १९८६ मध्ये विमा कंपन्यांनी प्रदूषणाला जवळजवळ पूर्णच वगळलं. त्यामुळे खरी किंमत आली ती त्याआधीच्या पिवळ्या पडलेल्या कागदांना.

मूळ पॉलिसी बहुधा सापडतच नसे. हिशेबवहीतली हप्त्याची नोंद, दलालाचा पत्रव्यवहार, एखाद्या जुन्या कंत्राटाला जोडलेलं विम्याचं प्रमाणपत्र अशा तुकड्यांवरून ती सिद्ध करावी लागे. हेच काम करणारे ‘विमा-पुरातत्त्वज्ञ’ तयार झाले. मला हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत उमेदीचा भाग वाटतो.

संतापजनक भागही आहे. सुपरफंडच्या दाव्यांवर विमा कंपन्यांनी जो पैसा खर्चला, त्यातला ८८ टक्के वकिली आणि तत्सम खर्चात गेल्याचं रँड संस्थेच्या १९९२च्या अभ्यासात दिसलं. तेवढ्यात किती विहिरी शुद्ध झाल्या असत्या!

छोट्या व्यावसायिकांना दिलासा इंडियाना राज्यानं दिला. एका पेट्रोल पंपाच्या गळतीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली प्रदूषण वगळणारं कलम संदिग्ध ठरवलं, आणि संदिग्धतेचा फायदा विमाधारकाला दिला. स्ट्रिंगफेलोत खुद्द कॅलिफोर्नियाचं राज्य सरकारच दोषी ठरलं. त्यानं आपल्या १९६० आणि ७०च्या दशकांतल्या विमा कंपन्यांवर १९९३ मध्ये दावा लावला. निकाल २०१२ साली लागला: नुकसान वर्षानुवर्षं चालू असेल, तर त्यातल्या कुठल्याही काळाचा विमा देणारी कंपनी आपल्या मर्यादेपर्यंत संपूर्ण नुकसानीला बांधील, आणि वेगवेगळ्या वर्षांच्या मर्यादांची बेरीजही करता येईल. हा निकाल न्याय्यच होता. हप्ते दरवर्षीचे घेतले होते.

अमेरिकेत जुना कारखाना, पेट्रोल पंप किंवा ड्रायक्लिनिंगचं दुकान विकत घेणाऱ्या आपल्या माणसांना एवढंच सांगणं आहे: आधीच्या मालकाकडून १९८६पूर्वीच्या विम्याचे सगळे कागद मागून घ्या, आणि ते वकिलाला दाखवल्याशिवाय रद्दीत घालू नका.