कोंबडी खुडूक की अंडे अडलेले?

कोंबडी दिवसभर खुराड्यातून हलेनाशी झाली की घरातील बायका सहज म्हणतात, 'खुडूक झालीय, बसू दे.' बहुतेक वेळा ते खरेही असते. पण एका गावी आम्हाला दाखविलेली ऱ्होड आयलंड रेड जातीची तलंग अशीच दोन दिवस 'खुडूक' समजून बसू दिलेली होती. प्रत्यक्षात तिचे अंडे अडले होते. आम्ही पोहोचेपर्यंत तिच्यात त्राण उरले नव्हते आणि ती दगावली. नुकतीच अंड्यावर आलेली कोंबडी अशी जाणे म्हणजे पाच-सहा महिन्यांचे खाद्य व मेहनत वाया जाणे होय.

या दोन अवस्था ओळखणे अवघड नाही. खुडूक कोंबडी पिसे फुलवून जागेवर पसरून बसते, हात घातला की चोच मारते व गुरगुरते. दिवसातून एखाद्या वेळी उठते, दाणे टिपते, पाणी पिते, भलीमोठी घाणेरडी विष्ठा टाकते आणि पुन्हा जाऊन बसते. तिचा जोम टिकून असतो. अंडे अडलेली कोंबडी मात्र मलूल दिसते. शेपटी खाली पाडून ताठ उभी राहते, वारंवार जोर करते, पण अंडे येत नाही. खाणे सुटते. शेपटीखाली पोट हलक्या हाताने चाचपले तर बऱ्याचदा कठीण गोळा हाताला लागतो.

अंडे अडते का, हे समजण्यासाठी ते कसे तयार होते हे पाहावे लागेल. एक अंडे तयार होण्यास साधारण २४ ते २६ तास लागतात व त्यातील सुमारे २० तास कवच चढण्यात जातात. एका कवचात जवळजवळ २ ग्रॅम कॅल्शियम असते. खाद्यातून ते मिळाले नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून देते. रक्तातील कॅल्शियम घटले की कवच पातळ होतेच, शिवाय अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंचा जोरही कमी पडतो. नुसत्या मक्यावर किंवा तांदळाच्या कण्यांवर पोसलेली कोंबडी म्हणूनच लवकर अडचणीत येते. फार लठ्ठ झालेली कोंबडी, पुरेशी वाढ होण्याआधी अंड्यावर आलेली तलंग आणि दोन बलकांचे मोठे अंडे ही कारणेही नेहमीची आहेत.

अंडे अडल्याचे लक्षात येताच घमेल्यात कोमट पाणी घ्यावे. आपल्या कोपराला सहज सोसेल इतकेच ते गरम असावे. कोंबडीचे पोट बुडेल अशा बेताने तिला १५ ते २० मिनिटे धरून ठेवावे. धडपड करीत असल्यास डोक्यावर फडके टाकावे. नंतर अंग कोरडे करून, नखे कापलेल्या स्वच्छ बोटाने गुदद्वाराच्या कडेला खोबरेल तेल लावावे व उबदार, अंधाऱ्या खोक्यात एकटे ठेवावे. पिण्यास पाणी द्यावे. तासा-दोन तासांनी हाच उपाय पुन्हा करता येतो. पोट दाबून अंडे काढण्याचा अगर आतच फोडण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. कवचाच्या धारेने अंडनलिका फाटते आणि जखम चिघळते. त्याच दिवशी अंडे न आल्यास पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा, उद्यावर टाकू नये. अंडनलिका बाहेर आलेली दिसली तर कोंबडी तत्काळ वेगळी करावी, कारण बाकीच्या कोंबड्या लाल भाग पाहून टोचतात.

खरी खुडूक असेल आणि अंडी उबवायची नसतील तर तिला जाळीच्या तळाच्या, हवेशीर पिंजऱ्यात ठेवावे. गवत, भुसा काही नको, खाद्य-पाणी मात्र भरपूर. तीन ते पाच दिवसांत बहुधा ती मोडते. नाकपुडीत पीस खुपसणे, पाण्यात बुचकळणे हे प्रकार काही ठिकाणी अजून चालतात. त्यात कोंबडीचे हालच होतात.

अंड्यावरील कोंबडीच्या खाद्यात सुमारे साडेतीन टक्के कॅल्शियम असावे. परसातील कोंबडीला इतके काटेकोर मोजणे शक्य नसते, म्हणून शिंपल्यांची जाडसर भरड वेगळ्या भांड्यात कायम ठेवावी. गरजेनुसार ती आपणच खाते. कोकणात शिंपल्यांना तोटा नाही. अंड्यांची टरफले द्यायची तर भाजून, चुरून द्यावीत, नाहीतर कोंबडीला स्वतःची अंडी फोडण्याची खोड लागते. ही भरड पिलांना मात्र देऊ नये, त्यांच्या मूत्रपिंडांना जादा कॅल्शियम बाधते.

उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या कोंबड्यांचे कवच पातळ होते, तेव्हा सावली व गार पाणी हेच औषध. पिसे गाळण्याच्या काळात अंडी बंद होतात, त्याला इलाज करीत बसू नये. परंतु बऱ्याच कोंबड्यांची अंडी एकदम घटली, मऊ किंवा वेडीवाकडी येऊ लागली आणि सोबत शिंका किंवा हिरवट हगवण दिसली, तर मानमोडीचा (राणीखेत) संशय घ्यावा व आजारी पक्षी बाजारात न नेता लगेच पशुवैद्यकांना कळवावे.