धारेधारेची वाट

धडगाव सोडून दोन तास झाले होते. मोबाइलमधली बाई शांतपणे सांगत होती, "सरळ पुढे जा." सरळ पुढे पाणी होतं. डांबर केव्हाच संपलं होतं, मग खडी संपली, मग नुसती मुरमाची चाकोरी उरली, आणि ती चाकोरी दुपारच्या म्हशीसारखी निवांत नर्मदेच्या फुगवट्यात उतरली होती. नकाशावर मात्र तिची पांढरी रेघ पाण्याखालूनही पुढे गेलेली. मी ब्रेक दाबला, मागचं चाक आडवं गेलं आणि गाडी गाळात रुतली. उन्हाळ्याच्या तोंडाशी जलाशयाची पातळी उतरते तेव्हा काठावर हा गाळ उघडा पडतो. वरून भेगाळलेला, खालून लोण्यासारखा.

कुठूनशी दोन पोरं आली. एकाने पळसाच्या फांद्या मोडून चाकाखाली सरकवल्या, दुसऱ्याने मागून गाडी उचलली. बाहेर निघाल्यावर थोरल्याने विचारलं, "दादा, कोणाकडे जायचं होतं?" कोणाकडेच नाही, असंच फिरायला आलोय, म्हटल्यावर त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा गाडीकडे पाहिलं. "मग इकडे गाडी कशाला आणली? ही होडीची वाट आहे."

होडीची वाट. त्याच्या डोक्यात वाटांची वर्गवारी पक्की होती. होडीची, जीपची, मोटारसायकलची, बैलांची, आणि सगळ्यात जास्त नुसती पायांची. पुण्या-मुंबईहून, सुरतेहून, इंदूरहून सातपुड्यात 'ऑफरोडिंग'ला येणाऱ्या आपल्यासारख्यांच्या डोक्यात मात्र दोनच प्रकार असतात. रस्ता, आणि रस्ता नसलेली मजा.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्याच्या नकाशावर दोन पाण्यांच्या मध्ये एक डोंगर आहे. दक्षिणेला तापी, उत्तरेच्या सीमेवर नर्मदा, दोन्ही पश्चिमवाहिनी, दोन्ही जमीन खचून झालेल्या लांबट खोऱ्यांतून वाहणाऱ्या. आणि मध्ये उचललेला सातपुडा. शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे चार तालुके याच्या पायथ्याशी आणि अंगावर आहेत. (तालुका अक्राणी, गाव धडगाव. एसटीच्या पाटीवर अक्राणी शोधत बसू नका.) इथलं अस्तंबा शिखर १३२५ मीटर उंच. अख्ख्या सातपुड्यातलं सर्वोच्च, पचमढीचं धूपगड, १३५२ मीटर. म्हणजे अवघे सत्तावीस मीटर जास्त. आणि सरदार सरोवर काठोकाठ भरलं की पाण्याची पातळी १३८.६८ मीटर. एकाच डोंगराच्या माथ्यापासून पाण्यापर्यंत जवळपास बाराशे मीटरचा उतार आहे, आणि तो एकसलग नाही.

कारण हा दगड बेसॉल्ट. लाव्हाचे थरावर थर साचत गेले, मधले मऊ थर झिजले, कठीण थर कड्यासारखे उभे राहिले. तोरणमाळच्या घाटात 'सात पायरी' नावाची जागा आहे, तिथे उभं राहिलं की हा प्रकार पुस्तकाविना कळतो. या पायऱ्यांना पावसाने उभे चिरे पाडले, त्यांचे खोल नाले झाले. दोन नाल्यांच्या मध्ये जी डोंगराची लांब सोंड उरते ती धार. वस्ती या धारांवर आहे. इथलं गाव म्हणजे चावडीभोवती दाटलेली घरं नव्हेत. एक पाडा या धारेवर, दुसरा समोरच्या, आणि प्रत्येक घर आपापल्या शेतात. हाक मारली तर ऐकू येते, पण जायचं म्हटलं तर अर्धा दिवस मोडतो.

पायवाटा म्हणूनच धारेधारेने जातात. खोऱ्यातून गेलं तर पावसाळ्यात दर फर्लांगाला नाला आडवा येतो. धार कोरडी असते, लांबवर दिसतं, अस्वल समोर आलं तर आधी कळतं. खाली उतरायचं ते पाण्यासाठी, बाजारासाठी, किंवा सोयरीक असेल तर. नवखा माणूस इथे चुकतो तो याच ठिकाणी. त्याला वाटतं ओढ्याने खाली गेलं की गाव येणार. सह्याद्रीत बऱ्याचदा येतं. इथे कडा येतो.

या सगळ्या वाटांमधली मानाची वाट अस्तंब्याची. धनत्रयोदशीला तळोद्याकडून माणसं निघतात, कोठार, देवनदी, नकट्या देव करत वर चढतात. खांद्यावर झेंडे, गटागटाने घोषणा, रात्रभर चाल आणि पहाटे माथा. माथ्यावर देऊळ म्हणावं असं काही भव्य नाही. दगड आहे, वारा आहे, आणि अश्वत्थामा आहे. कपाळावरचा मणी गेल्यापासून भळभळती जखम घेऊन तो या रानात तेल मागत फिरतो, आणि वाट चुकलेल्याला वाटेवर आणून सोडतो, अशी इथली श्रद्धा. महाभारतात ज्याला चिरकाल भटकण्याचा शाप मिळाला, त्याला सातपुड्याने वाटाड्या करून टाकलं. मला ही कल्पना फार आवडते. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश अशा तिन्हीकडून माणसं येतात. परतल्यावर गावात वाजतगाजत स्वागत होतं.

अलीकडे बरेच जण वाहनाने डोंगरात शिरतात आणि शेवटचा चढ तेवढा चालतात. चालणं वाचतं, पण घाट वाचत नाही. २०२५ च्या दिवाळीत अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांची गाडी चांदसैली घाटात कोसळली आणि अनेकांचे जीव गेले. चांदसैली हा तळोदा-धडगाव जोडणारा घाट. तिकडे अक्कलकुव्याहून मोलगीला चढवणारा देवगोई घाट, आणि शहाद्याहून राणीपूर, कालापाणी करत तोरणमाळला जाणारा तिसरा. झिजलेला मुरूम खणून काढलेले हे रस्ते, पावसाळ्यात दरड ठरलेली. २०२१ च्या सप्टेंबरात चांदसैली घाट दरडीने बंद होता आणि एक माणूस आजारी बायकोला खांद्यावर घेऊन तो घाट उतरत होता. ती वाचली नाही. त्या वेळी ही बातमी राज्यभर छापून आली.

एरवी आजाऱ्याला नेतात ते झोळीतून. एक लांब बांबू, त्याला दोन्ही टोकांनी बांधलेली गोधडी किंवा जुनं लुगडं, पुढे एक मागे एक, आणि खांदे बदलायला बरोबर चार-सहा जण. झोळी पाहायची असेल तर तिच्या वाटेकडे पाहा. ती चढावर कधीही सरळ जात नाही. आजाऱ्याचं डोकं वरच्या बाजूला राहील अशी तिरपी, वळणं घेत जाते, आणि वळणावर बांबू फिरवण्यापुरती जागा सोडलेली असते. मोटारसायकलवाल्याला हे वळण 'मस्त बर्म', गाडी कलती करून वळायचा बांध, वाटतं.

आता गाडीचं बोलू, कारण मी काही धुतल्या तांदळाचा नाही. डोंगरात बाहेरचा स्वार येतो तो दोनशे किलोच्या आसपासचं धूड घेऊन. पाड्यावरचा पोरगा चालवतो शंभर सीसीची, सव्वाशे किलोच्या आतली गाडी, बहुधा ट्रिपल सीट, हँडलला पिशवी, कधी मांडीवर बकरी. नाला आला की तिघं उतरतात आणि गाडी उचलून पलीकडे ठेवतात. उतारावर पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, इंजिनाच्या जोरावर उतरतात. ब्रेकला बोट लावलं तर मुरमावर चाक घसरणार हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. मला लागलं. धडगावच्या बाजारातल्या मिस्त्रीने माझा वाकलेला गिअरचा दांडा सरळ करताना एवढंच म्हटलं, "गाडी चांगली आहे. जरा हलकी असती तर बरं झालं असतं."

पायाने वाट घट्ट होते, चाकाने सुटी होते, हा साधा हिशेब आहे. चढावर मागचं चाक फिरतं तेव्हा ते मुरूम मागे फेकतं आणि उताराच्या दिशेने एक चर पडतो. जूनमध्ये त्या चरातून पाणी धावतं. दोन पावसाळ्यांत तिथे गुडघाभर घळ होते, मग मोळीवाली बाई शेजारून नवी वाट पाडते, आणि झोळीचं ते वळण गेलेलं असतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मोटारसायकलची हौस घाटरस्त्यांवर आणि कच्च्या सडकांवर भागवावी. तीही थोडीथोडकी नाही. मोलगी ते धडगाव, तोरणमाळहून सिंदीदिगरकडे उतरणारा रस्ता, कोणाही स्वाराचे हात भरून येतील एवढी वळणं तिथे आहेत. पायवाट सोडून द्यावी. कायदाही तेच म्हणतो. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हाच १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, आणि तोरणमाळच्या जंगलाला तर संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाले तिथे रानाची राखण ग्रामसभेकडे आहे. वनखात्याच्या नाक्यावर चिठ्ठी घ्या आणि पाड्यावर जाऊन विचारा. दुसरं जास्त महत्त्वाचं.

चालणाऱ्याला इथे जे मिळतं ते स्वाराला मिळत नाही, याचा एक नामी पुरावा या रानात बसलेला असतो. रानपिंगळा. वीतभर घुबड, ठिपके कमी, डोकं मोठं, आणि दिवसाउजेडी फांदीवर बसून सरडे टिपणारं. डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी जणू नाहीसाच झाला. मध्ये रिचर्ड माइनरट्सहागेनने १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाल्याचा एक नमुना दाखवला होता, तो चोरीचा आणि खोट्या चिठ्ठीचा निघाला. ती लबाडी उघडी पाडणाऱ्या पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह इकडे आल्या, आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या पायथ्याच्या रानात तो समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. जगातले पक्षीतज्ज्ञ शतकभर ज्याला शोधत होते तो शहाद्याच्या गुराख्यांच्या डोक्यावर बसून होता. इंजिन चालू ठेवून तो दिसत नाही, हे वेगळं सांगायला नको.

साग, सालई, खैर, अंजन, तेंदू, बांबू, चारोळी आणि मोह असं हे पानगळीचं रान. पावसानंतर हिरवं, फाल्गुनात काड्या. चालायला यायचं तर दसऱ्यापासून माघापर्यंत या. डाब गावाला कडाक्याच्या थंडीत गवतावर दव गोठतं, तेव्हा पांघरूण आणा. बिलगावची बाराधारा किंवा तळोद्याकडचा वाल्हेरीचा धबधबा पावसाळ्याच्या शेवटी पाहावा, भर पावसात नव्हे, कारण तो काळा दगड शेवाळला की काचेसारखा होतो. उन्हाळ्यात विडी-सिगारेट ओढायची असेल तर येऊच नका.

नर्मदेकडची बाजू वेगळी. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बाधित झाली, अक्कलकुव्याची ९ आणि अक्राणीची २४. मणिबेली पहिलं बुडालं. धरण २०१९ च्या सप्टेंबरात प्रथमच पूर्ण भरलं. आपण बुडालेल्या घरांचं बोलतो, शेतांचं बोलतो. बुडालेल्या वाटांचं कोणी बोलत नाही. काठाकाठाने जाणारी सगळी पायवाट पाण्याखाली गेली, आणि फुगवटा नाल्यानाल्यात बोटं घालून आत शिरला. समोरच्या धारेवरची बहीण, जी आधी नाला ओलांडून तासाभरात भेटायची, ती आता होडीवर अवलंबून. राज्याच्या मतदारसंघांत अक्कलकुव्याचा क्रमांक पहिला, आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेली. मतदानाची यंत्रंसुद्धा तिकडे बोटीने जातात.

तर त्या दिवशी गाडी पोरांच्या अंगणात लावली आणि चालत निघालो. त्यांच्या मामाच्या पाड्यावर, वरच्या धारेला. थोरल्याला गुरं वळायची होती, त्यामुळे त्याने नुसती वाट सांगितली. किलोमीटर नाही, वेळ नाही. "दोन मोह लागतील. दुसऱ्या मोहाला डाव्या हाताला वर चढायचं. कोंबडा ऐकू आला की थांबा, हाक मारा. कुत्री आहेत."

पहिल्या मोहाखाली पाला जाळून जमीन साफ केलेली होती, फुलं वेचायला सोपं जावं म्हणून. दुसऱ्या मोहाखाली एक म्हातारी बसली होती, टोपली अर्धी भरलेली. तिला मराठी येत नव्हतं, मला पावरी येत नव्हती. मी वर बोट केलं, तिने मान हलवून डावीकडे बोट केलं आणि ओंजळभर फुलं माझ्या हातावर ठेवली. गोड, थोडी उग्र, बोटांना चिकटणारी. वळणावळणाने चढलो. बऱ्याच वेळाने वरून कोंबडा आरवला. मी थांबलो आणि हाक मारली.