शिकाऊ हातांना छोटी क्रूझर झेपेल का?

घरात मुलाचा किंवा मुलीचा पहिला पगार आला की पहिली मागणी दुचाकीची असते. आमच्या पिढीने सायकलवर नोकऱ्या केल्या, मग कुणी लूना घेतली, कुणी मित्राची स्कूटर मागून आणली. आजच्या मुलांना मात्र गाडी हवी ती बुटक्या सीटची, लांबलचक, रुंद हँडलची आणि पाय पुढे सोडून ऐटीत बसता येईल अशी. तिला बाजारात क्रूझर म्हणतात. मुले म्हणतात, ‘हीच घेणार.’ आई-बाप म्हणतात, ‘अजून सायकल धड चालवता येत नाही, आणि एवढे धूड कशाला?’ या वादात आम्ही कोणाची बाजू घेणार नाही. मुलांची हौस खोटी नाही आणि आई-बापांची भीतीही खोटी नाही. दोघांनी मिळून नीट विचार करावा, एवढ्यासाठी हा लेख.

क्रूझर म्हणजे नेमके काय?

साध्या मोटारसायकलवर पाय आपल्या खाली असतात. क्रूझरवर ते पुढे असतात. सीट खाली, हँडल वर आणि मागे वळलेले, दोन चाकांमधले अंतर जास्त. घरोघरी दिसणाऱ्या स्प्लेंडरची चाके एकमेकांपासून १२३६ मिलिमीटरवर आहेत. ॲव्हेंजर २२० ची सुमारे १४९० वर. जवळजवळ वीतभराहून जास्त फरक झाला. या लांबीमुळे गाडी सरळ रस्त्यावर शांत आणि स्थिर चालते, पण गल्लीत वळवायला घेतली की तीच लांबी आड येते.

आपल्याकडे छोटी क्रूझर खऱ्या अर्थाने आली ती २००१ साली, कावासाकी बजाज एलिमिनेटरच्या रूपाने. इंजिन १७५ सीसीचे, पण किंमत सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर. मग २००५ साली बजाजने त्याच घाटाची ॲव्हेंजर १८० स्वस्तात आणली आणि क्रूझर मध्यमवर्गाच्या दारात आली. पुढे २०१५ साली ॲव्हेंजर २२० क्रूझ आणि २०१९ साली १६० स्ट्रीट आली. रॉयल एनफिल्डने २०२० च्या नोव्हेंबरात मीटिऑर ३५० बाजारात उतरवली. शिकाऊ माणसापुढे नवी-जुनी मिळून मुख्यतः हीच नावे येतात.

आधी उंची, मग वजन

शिकाऊ चालकाची पहिली धास्ती एकच असते : थांबल्यावर पाय जमिनीला टेकतील का? येथे क्रूझर खरोखर उपयोगी पडते. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटरवर, मीटिऑरची ७६५ वर आणि ॲव्हेंजरची ७३७ वर, म्हणजे सुमारे २९ इंच. पाच फूट उंचीच्या माणसालाही ॲव्हेंजरवर दोन्ही पाय बरेचसे टेकवता येतात. उतारावर, सिग्नलला, चिखलात हा आधार लाखमोलाचा असतो. पण केवळ आकड्यावर जाऊ नये. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय कमी पोहोचतात. शिवाय रुबाबदार दिसणारी प्रत्येक गाडी क्रूझर नसते. होंडाची हायनेस सीबी ३५० भारदस्त दिसते, पण तिची सीट ८०० मिलिमीटरवर आहे. तेव्हा दुकानात जाऊन, रोजच्या चपला-बूट घालून, प्रत्यक्ष बसूनच पाहावे.

दुसरी गोष्ट वजनाची. स्प्लेंडर ११२ किलोची, ॲव्हेंजर १६० ही १५६ किलोची, २२० क्रूझ १६३ ची आणि मीटिऑर १९१ ची. गाडी पळत असताना हे वजन कळत नाही. कळते ते पार्किंगमधून मागे ओढताना, चढावर थांबताना आणि गाडी कलंडताना. दुकानात आम्ही सांगतो ती परीक्षा अवश्य करा. इंजिन बंद ठेवून गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहा, ती दहा पावले पुढे ढकला, दहा पावले मागे ओढा, मग स्टँडवरून उचलून पुन्हा स्टँडला लावा. हे एकट्याने जमत नसेल तर ती गाडी आज तुमची नाही. सहा महिन्यांनी होऊ शकेल, पण आज नाही.

तिसरी गोष्ट इंजिनाची. शिकाऊ माणसाला वेग नको, खालच्या गतीला न रडणारे इंजिन हवे. मीटिऑरचे २७ न्यूटन-मीटरचे सर्वाधिक बळ इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असतानाच मिळते. ॲव्हेंजर २२० चे १७.५५ चे बळ ७००० फेऱ्यांना. म्हणून मीटिऑर हळू चालताना कमी बंद पडते, पण वजन जास्त. ॲव्हेंजर हलकी, पण गिअर वेळेवर खाली आणावा लागतो. एक मिळते तेव्हा दुसरे सोडावे लागते, हे ध्यानात ठेवून निवड करावी.

एका घरातली गोष्ट

आमची एक पुतणी तालुक्याच्या गावाहून अठरा किलोमीटरवरच्या उपकेंद्रात परिचारिका आहे. उंची पाच फुटांच्या आतबाहेर. संध्याकाळची शेवटची एसटी चुकली की मुक्काम पडतो, नाहीतर अनोळखी जीपमध्ये दाटीवाटीने यावे लागते. तिने क्रूझरचे नाव काढताच तिचे वडील म्हणाले, “पोरी, स्कूटी घे आणि गपगुमान ये-जा कर. लोक काय म्हणतील?” ती म्हणाली, “अप्पा, रात्री रस्त्यात एसटीची वाट बघत उभी असते तेव्हा लोक विचारतात का, पोरगी घरी कशी पोचली म्हणून?” अप्पा गप्प झाले. पण नुसते गप्प होऊन प्रश्न सुटत नाही, म्हणून आम्ही मध्ये पडलो आणि तिला म्हटले, “बाळ, आधी रस्ता पाहू, मग गाडी.”

अठरांपैकी चौदा किलोमीटर डांबरी, शेवटचे चार मुरमाचे आणि खड्ड्यांचे. हीच क्रूझरची दुखरी जागा. पाय पुढे असल्याने खड्डा आला की पायांवर उभे राहता येत नाही. सगळा दणका कंबरेला आणि मणक्याला बसतो. सगळाच रस्ता असा असता तर आम्ही तिला साधी शंभर-सव्वाशे सीसीचीच घे म्हटले असते. चारच किलोमीटर असल्याने तिने ते सावकाश काढायचे ठरवले. महिनाभर मामाच्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर मैदानात हात बसवला, तीन गाड्या ढकलून पाहिल्या, मीटिऑर मागे ओढताना दम लागला म्हणून ती सोडली आणि २०२० सालची जुनी १६० घेतली. शिल्लक राहिलेल्या पैशात धाकट्या भावाची फी भरली गेली. अप्पा आता रोज सकाळी गाडी पुसून ठेवतात.

जुनी गाडी घेताना

२०२० सालची गाडी असे आम्ही मुद्दाम लिहिले. १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस ब्रेक १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. घाबरून ब्रेक करकचून दाबला तरी चाक जाम होऊन घसरू नये, हे एबीएसचे काम. नवशिका माणूस घाबरून ब्रेक दाबणारच, म्हणून त्याला याची गरज सर्वांत जास्त. त्याआधीच्या ॲव्हेंजर स्वस्तात मिळतात, पण त्यांना एबीएस नाही. दहा हजार वाचवून हे संरक्षण गमावू नका. ॲव्हेंजरचे एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, मीटिऑरचे दोन्ही चाकांना, हेही लक्षात असावे.

आरसी बुकावरचे इंजिन व चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी जुळवून पाहा. कर्जाची नोंद असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. थकलेली ई-चलने तपासा. टायरवर चार आकडे असतात. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पुढच्या शॉकॲबमधून तेल गळते का, हँडल वळवताना कोनसेट अडकतो का, हे ओळखीच्या मेकॅनिककडून पाहून घ्या.

पैशाचा हिशेब

नव्या गाडीच्या बाबतीत, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मीटिऑर ३४९ सीसीची असल्याने तीही यात बसते. विम्याचा टप्पा मात्र १५० सीसीला बदलतो. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला ७१४ रुपये होता, १५० च्या पुढे ३५० पर्यंत १३६६ रुपये. म्हणजे १६० सीसीलाही वरचाच दर.

हप्त्याच्या कागदावर ‘फ्लॅट’ शब्द दिसला की थांबा. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी दहा टक्के फ्लॅट दराने घेतले तर व्याज तीस हजार होते आणि हप्ता ३,६११ रुपये. तेच दहा टक्के घटत्या शिलकीवर असतील तर हप्ता सुमारे ३,२२७ आणि व्याज सोळा हजारांच्या आसपास. दर एकच, फरक जवळजवळ चौदा हजारांचा! या फरकात चांगली हेल्मेटे, हातमोजे आणि काही महिन्यांचे पेट्रोलही निघेल.

लायसन्स आणि सराव

गिअरची मोटारसायकल चालवायला वय अठरा पूर्ण हवे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्यासाठी तीस दिवसांनी अर्ज करता येतो. तोवर पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा आणि मागे शिकवणाऱ्याखेरीज कोणाला बसवायचे नाही. स्कूटीवर परीक्षा दिली तर परवाना बिनगिअरचाच मिळतो, त्यावर क्रूझर चालवता येत नाही. पालकहो, अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कौतुक म्हणून चावी देऊ नका.

मैदानात आधी हाफ क्लचवर गाडी चालण्याच्या वेगाने नेण्याचा सराव करा. मग आठचा आकडा. लांब गाडीने आठ काढणे कठीण जाते, म्हणून नजर चाकाजवळ नको, जिकडे जायचे तिकडे हवी. पुढचा ब्रेक हळूहळू आवळत न्यायचा, झटक्याने नाही, आणि हँडल सरळ असतानाच. गाडी पडलीच तर इंजिन बंद करा, पाठ सीटला टेकवा, गुडघे वाकवून पायांच्या जोरावर मागे सरकत उचला. कंबरेने ओढू नका.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचेच घ्या. १ जून २०२१ पासून दुसरे विकण्यास बंदी आहे. मागे बसणाऱ्यालाही ते लागते. आणि घेण्यापूर्वी एकदा आईला मागे बसवून घ्यायला सांगा. क्रूझरची मागची सीट छोटी असते. साडी नेसून एका बाजूने बसणाऱ्या बाईला ती पुरते का, साडी गार्ड आणि पाय ठेवायला पायरी आहे का, हे तिच्याइतके चांगले कोणी सांगणार नाही.

तरुण मित्रांनो, मैत्रिणींनो, गाडी ही मिरवण्याची वस्तू झाली की ती घराला कर्जात आणि माणसाला दवाखान्यात नेते. तीच गाडी आपल्या उंचीला, ताकदीला, रस्त्याला आणि पगाराला पाहून घेतली की नोकरी टिकते, शिक्षण होते, रात्री-बेरात्री कुणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत. हौस जरूर करा, पण आधी दहा पावले ढकलून पाहा!