फोटो एडिटिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं? पैसे भरण्याआधी हे वाचा

दिवाळीचे दिवस. चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या जिवती तालुक्यात गोंड समाजाच्या गुड्यांमध्ये दंडारी सुरू असते. मोरपिसांचा भलामोठा टोप घातलेले घुसाडी ढोलाच्या तालावर नाचतात आणि समोर पटापट मोबाईल वर होतात. फोटो निघतो. पण स्क्रीनवर बघावं तर मागचं आभाळ पांढरंफटक आणि घुसाडीचा चेहरा अंधारात.

मग शोध सुरू होतो, एडिटिंगसाठी चांगलं सॉफ्टवेअर कोणतं? एक मित्र फोटोशॉप सांगतो, दुसरा लाइटरूम, तिसरा थेट ‘क्रॅक’ फाईलची लिंक पाठवतो.

हौशी माणसाची गडबड इथेच होते. सॉफ्टवेअरच्या नावापासून सुरुवात करण्याऐवजी आधी तीन प्रश्न विचारायला हवेत. फोटो कशावर एडिट करणार? एडिट करून तो कुठे जाणार? आणि एडिट केल्यावर मूळ फोटो शाबूत राहणार का? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

एडिट करताना नेमकं काय होतं?

मोबाईल साधारणपणे जेपीईजी फाईल तयार करतो. जागा वाचवण्यासाठी त्यातली बरीच माहिती काढून टाकलेली असते. अशा फाईलमध्ये लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात. रॉ फाईलमध्ये कॅमेऱ्याच्या सेन्सरनं टिपलेली माहिती जवळपास तशीच राहते. ती १४ बिटची असेल तर प्रत्येक रंगाच्या १६,३८४ छटा मिळतात.

म्हणूनच अंधारातला चेहरा उजळताना रॉ फाईल साथ देते, जेपीईजी मात्र लवकर दाणेदार दिसायला लागते. आभाळ पूर्ण पांढरं झालं असेल, तर कितीही महागडं सॉफ्टवेअर आणा, जे टिपलंच गेलं नाही ते परत येत नाही. जेपीईजी पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केली, की दर वेळी ती थोडी आणखी बिघडते. त्यामुळे फोनच्या कॅमेऱ्यात रॉची सोय असेल, तर महत्त्वाच्या प्रसंगी ती सुरू करावी. फाईल जड होते, पण नंतर हात चालवायला जागा राहते.

फोनवरच काम भागतं का?

स्टेटस, रील किंवा इन्स्टाग्रामवरच्या पोस्टसाठी बहुतेक वेळा भागतं.

स्नॅपसीड हे ॲप २०११ मध्ये आयपॅडवर आलं. पुढच्याच वर्षी गुगलनं ते बनवणारी निक सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घेतली. ॲप मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि फोटोवर ॲपच्या नावाचा ठसा उमटत नाही. फोटोच्या एखाद्याच भागावर बोट ठेवून तेवढाच उजळता येतो. घुसाडीच्या त्या फोटोला नेमकं हेच हवं असतं. सगळा फोटो उजळला तर आभाळ आणखी पांढरं होईल, फक्त चेहरा उजळला तर फोटो वाचेल.

दुसरी गोष्ट म्हणजे स्नॅपसीड इंटरनेटशिवाय चालतं. माणिकगड पहाडावर रेंज जात-येत राहते, तिथे ही सोय छोटी नाही. फोटो सर्व्हरवर चढवून एडिट करणारी ॲप अशा ठिकाणी नुसती गोल फिरत बसतात.

लाइटरूमचं मोबाईल ॲपही मोफत सुरू करता येतं. मात्र रॉ एडिटिंग, डाग पुसणं अशी काही साधनं पैसे भरल्यावरच उघडतात. ज्यांना रोज फोटो काढायचे आहेत त्यांनी त्याचा विचार करावा, महिन्यातून चार फोटो टाकणाऱ्यांना त्याची घाई नाही.

लॅपटॉप असेल तर?

फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं आणि आज ‘फोटो बदलणे’ या क्रियेलाच लोक फोटोशॉप म्हणतात. पण २०१३ पासून अडोबीनं त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. म्हणजे पैसे भरणं थांबलं, की सॉफ्टवेअरही थांबतं. शिवाय त्याला किमान ८ जीबी रॅम लागते. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला जुना लॅपटॉप तिथेच हात टेकतो.

मोफत पर्याय मात्र भक्कम आहेत. गिंप हे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये लिहायला घेतलं. आज जगभरातले स्वयंसेवक ते सांभाळतात. बॅनर करणं, दोन फोटो जोडणं, मजकूर टाकणं ही कामं त्यात होतात. शिकायला थोडा वेळ लागतो, पण ते साध्या लॅपटॉपवरही चालतं.

रॉ फाईलसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन सॉफ्टवेअर आहेत, दोन्ही मोफत. डार्कटेबल तुम्ही केलेले बदल वेगळ्या छोट्या फाईलमध्ये लिहून ठेवतं. मूळ फोटोला ते हातच लावत नाही.

ॲफिनिटी आधी विकत घ्यावं लागायचं. २०२४ मध्ये कॅनव्हानं ते बनवणारी सेरिफ ही कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲफिनिटी मोफत केलं. त्यासाठी कॅनव्हाचं खातं लागतं, आणि एआयची साधनं पैसे भरणाऱ्यांसाठीच आहेत. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी आहे. ते फोटो तुमच्याच कॉम्प्युटरवर हाताळतं, सर्व्हरवर चढवत नाही.

मराठी लिहिणाऱ्यांनी एक चाचणी नक्की करावी. कोणतंही सॉफ्टवेअर निवडण्याआधी त्यात ‘क्रांतिवीर’ किंवा ‘ज्येष्ठ’ असा शब्द टाइप करून बघा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये भारतीय भाषांची सेटिंग सुरू केली नाही, तर जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी भलतीकडेच जाते. चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर याचे नमुने बघायला मिळतात.

‘क्रॅक’ वापरला तर काय बिघडतं?

दोन गोष्टी. पहिली कायद्याची. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब नुसार सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. त्यात किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

दुसरी रोजच्या व्यवहाराची. क्रॅक फाईल चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं जातं. ज्या लॅपटॉपवर बँकेचं काम होतं, त्याचं दार असं स्वतःच्या हातानं उघडं टाकायचं का? मोफत आणि कायदेशीर पर्याय असताना हा धोका पत्करण्यात काही अर्थ नाही.

उद्या ॲपच बंद पडलं तर?

असं घडलेलं आहे. एकेकाळी घरोघरी असलेलं पिकासा गुगलनं २०१६ मध्ये बंद केलं. २९ जून २०२० ला भारत सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात ब्यूटीप्लस आणि मेईतू ही फोटो एडिटिंगची लोकप्रिय ॲपही होती. ज्यांचं काम फक्त ॲपच्या आत पडून होतं, त्यांची पंचाईत झाली. ज्यांच्याकडे मूळ फोटो वेगळे ठेवलेले होते, त्यांना नवीन ॲप टाकून पुढे जाता आलं.

मूळ फोटोची किंमत काय असते, याचं उदाहरण जिवतीच्या शेजारीच आहे. ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात आजच्या आसिफाबाद जिल्ह्यातल्या मारलवाई गावात राहिले आणि त्यांनी राजगोंडांच्या जगण्याचे फोटो काढले. ते फोटो आज लंडनच्या सोआस या संस्थेच्या संग्रहात आहेत. ऐंशी वर्षांनंतरही तेव्हाचे पोशाख, घरं, सण बघता येतात, कारण मूळ फोटो जपले गेले. आज दंडारीत काढलेला मोबाईलचा फोटोही उद्याचा असाच कागद आहे. फिल्टर लावून त्यावरच सेव्ह केला, तर तो कागद खोडून टाकल्यासारखं होतं.

एडिटिंग कुठे थांबवायचं?

उजेड, रंग, तिरका झालेला फोटो सरळ करणं, इथपर्यंत सहसा कुणाची हरकत नसते. प्रश्न येतो तो फोटोतली गोष्टच बदलल्यावर. अनेक ब्यूटी फिल्टर न सांगता त्वचा गोरी आणि गुळगुळीत करतात. चेहरा दिसावा म्हणून उजेड वाढवणं वेगळं आणि माणसाचा रंगच बदलून टाकणं वेगळं. एआय तर याच्याही पुढे जातो. तो चेहरा नव्यानं रंगवतो, म्हणजे फोटोत त्या माणसासारखा दिसणारा भलताच कुणीतरी उरतो. शिवाय बहुतेक एआय ॲपमध्ये फोटो कंपनीच्या सर्व्हरवर जातो.

पुराव्याच्या फोटोला तर हात लावूच नये. पावसानं आडवी झालेली कपाशी, खचलेला रस्ता, पडलेली भिंत असे फोटो तक्रारीसाठी किंवा पंचनाम्यासाठी काढले असतील, तर फाईल जशीच्या तशी ठेवा. तारीख, वेळ आणि लोकेशन फाईलच्या आत नोंदलेलं असू शकतं, एडिट करताना ते पुसलं जाऊ शकतं. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘फोटो’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर मूळ फाईल जाते. नेहमीसारखा पाठवला तर फोटो दाबून लहान होतो आणि या नोंदीही निघून जातात.

मग निवडायचं कसं?

फक्त फोन असेल तर स्नॅपसीड. साधा लॅपटॉप असेल तर बॅनर आणि मजकुरासाठी गिंप, रॉ फोटोंसाठी डार्कटेबल. कुणाचा तरी लॅपटॉप घटकाभर मिळाला असेल तर फोटोपी. लग्नाच्या ऑर्डरी येऊ लागल्या आणि फोटोतून पैसे सुटू लागले, की वर्गणीचा हिशोब करायला हरकत नाही. तोवर एकाच सॉफ्टवेअरवर दोन महिने हात बसवणं हे पाच ॲप भरण्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

आणि सुरुवात आजच करता येते. फोनमध्ये ‘मूळ’ नावाचा एक फोल्डर करा. फोटो आधी त्यात कॉपी करा, पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर एक प्रत ठेवा आणि मगच एडिटला घ्या. सॉफ्टवेअर चुकलं तर दुसरं मिळतं. या वर्षीची दंडारी मात्र पुन्हा टिपता येत नाही.