गाढ झोपणारा प्रोसेसर

घरातल्या चौघांच्या फोनमधले दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ मिळून दोन जीबी भरले असं धरू. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला साधारण ११० एमबी सहज जातात. म्हणजे हा सगळा माल घरच्या स्टोरेज सर्व्हरवर उतरवायला वीसेक सेकंद पुरतात. वायफाय सुस्त असलं तर मिनिटभर, दोन मिनिटं. रात्री कोणी सिनेमा लावला, तरी फाइल जशीच्या तशी टीव्हीकडे पाठवण्यात प्रोसेसरला फारसे कष्ट पडत नाहीत. दिवसाचे सेकंद मात्र ८६,४००. त्यातला जवळजवळ सगळा वेळ हा सर्व्हर वाट बघत बसलेला असतो, आणि तेही बाराही महिने, चोवीस तास चालू राहून. म्हणून त्याच्यासाठी प्रोसेसर निवडताना मी आधी एकच गोष्ट विचारतो: हा झोपतो कसा?

प्रश्न पैशांचाही आहेच. एक वॉट वर्षभर चालू राहिला की ८.७६ युनिट होतात. पावणेनऊ म्हटलं की लक्षात राहतं. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप काढून सर्व्हर केला आणि तो नुसता बसून ६० वॉट खात असेल, तर वर्षाला ५२५ युनिट. १५ वॉटांत भागवणारा सर्व्हर १३१ युनिटांत वर्ष काढतो. फरक महिन्याला ३३ युनिटांचा. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चढतं, १०० युनिटांपर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत. सर्व्हरचे युनिट पंखे, फ्रिज, गीझर यांच्या वर जाऊन बसतात, म्हणजे ते कायम तुमच्या सगळ्यात महागड्या टप्प्यात धरायचे. शिवाय खाल्लेल्या प्रत्येक वॉटची शेवटी उष्णता होते आणि मे महिन्यात ती त्याच खोलीत आपल्यासोबत राहते.

आता खरेदीला गेलं की पहिला आकडा दिसतो तो टीडीपीचा. इंटेलच्या एन१०० पुढे ६ वॉट, कोअर आय३-१२१०० पुढे ६०. दहापट फरक बघून बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. पण हा आकडा कूलर बनवणाऱ्यासाठी आहे. प्रोसेसर मूळ वेगाने सतत राबत असेल तेव्हा किती उष्णता बाहेर काढावी लागेल, एवढंच तो सांगतो. रिकाम्या बसलेल्या प्रोसेसरबद्दल त्यात अक्षरही नसतं. राबण्याबद्दलसुद्धा तो अर्धीच गोष्ट सांगतो, कारण एन१०० जोर लावतो तेव्हा थोड्या वेळापुरता ६ वॉटांच्या कितीतरी वर जातो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाला शेवटी 'टी' असतो, त्यांवर ३५ वॉट लिहिलेलं असतं आणि लोक ते मुद्दाम शोधून आणतात. पण हा 'टी' फक्त वरची मर्यादा खाली आणतो. काम नसताना 'टी'वाला आणि बिन'टी'वाला भाऊ जवळजवळ सारखीच वीज घेतात. नीट जुळवलेल्या मदरबोर्डवर ६० वॉटचा आय३ निवांत असताना ६ वॉटच्या एन१०० च्या अगदी जवळ येतो. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा खरं वाटत नाही.

हे जमतं कसं, ते बघायला प्रोसेसरच्या आत शिरावं लागतं. ट्रान्झिस्टरच्या उघडझापीला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. व्होल्टेज निम्मं झालं की एका उघडझापीचा खर्च चौथाईवर येतो. काम कमी असेल तर वेग आणि व्होल्टेज दोन्ही उतरवा, हा झाला पहिला उपाय. दुसरा म्हणजे काम नसेल तर थांबा. १९७८ च्या ८०८६ मध्येसुद्धा 'थांब' सांगणारी एचएलटी नावाची आज्ञा होती. पण ट्रान्झिस्टर जसजसे बारीक होत गेले, तशी एक नवी कटकट उभी राहिली. बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपते. घड्याळ थांबवून नुसतं उभं राहिलं तरी मीटर फिरतच राहतो.

यावर जो उपाय निघाला, तो मला आजच्या यंत्रांमधला सगळ्यात विलक्षण वाटतो. झोपेच्या या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात. सी१ मध्ये कोअरचं घड्याळ थांबतं, बस. सी६ मध्ये मात्र तो कोअर आवराआवर करतो. चालू हिशेबातले सगळे आकडे, आपण कुठवर आलो होतो त्याची खूण, असं सारं काही वीज चालू राहणाऱ्या एका छोट्या मेमरीत ठेवतो. स्वतःच्या कॅशेत पडून असलेला बदललेला मजकूर बाहेर पोचवतो. मग त्याचा वीजपुरवठाच तोडला जातो. त्या क्षणी त्या कोअरच्या आत काहीच उरलेलं नसतं. नेटवर्क कार्डाने हाक मारली की वीज येते, घड्याळ सुरू होतं, ठेवलेले आकडे जागच्या जागी परततात आणि पुढची सूचना चालू होते. मधे आपण अस्तित्वातच नव्हतो, याचा पत्ता त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामला लागत नाही.

सगळे कोअर असे झोपले की अख्खी चिप आणखी खाली उतरू शकते. सामायिक कॅशे रिकामी होते, मेमरी स्वतःची देखभाल स्वतः करू लागते, उरलीसुरली घड्याळं बंद होतात. तळाच्या पायरीला सी१० म्हणतात. तिथून वर यायला काहीशे मायक्रोसेकंद लागतात. आपल्याला हा वेळ जाणवणारसुद्धा नाही. प्रोसेसरच्या मापाने मात्र तो मोठा आहे: ३.४ गिगाहर्ट्झवर घड्याळाचा एक ठोका इतका लहान की तेवढ्यात प्रकाश जेमतेम नऊ सेंटिमीटर जातो, आणि जागं होण्यात असे काही लाख ठोके निघून जातात.

झोपायला आणि उठायला नुसता वेळच नाही, वीजही लागते. लगेच उठावं लागणार असेल तर खोल झोपणं तोट्याचं. मग किती खोल जायचं हे ठरवायचं कोणी? लिनक्सच्या कर्नलमध्ये यासाठी एक छोटा भविष्यवेत्ता बसवलेला आहे. पुढचा ठरलेला टायमर कधी वाजणार आणि गेल्या काही वेळा मधली उसंत किती मिळाली होती, हे बघून तो दर खेपेला अंदाज बांधतो आणि त्याप्रमाणे पायरी निवडतो. पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग धरला, तर तेवढ्यात हा प्रोसेसर तळापर्यंत जाऊन शंभरेक वेळा परत येऊ शकतो. आपण शांत समजतो त्या डब्यात ही उठबस अहोरात्र चालू असते.

कमी विजेची चिप म्हटलं की आर्मचं नाव निघतंच, आणि तिच्या जन्माची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये एकॉर्न नावाची छोटी कंपनी होती. तिथे सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी मोजक्या माणसांनिशी नवा प्रोसेसर आखला. स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात चिप बसवता यावी, म्हणून तिने एक वॉटच्या आत राहावं एवढीच अट होती. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हातात आली आणि त्याच दिवशी चालली. जेमतेम २५ हजार ट्रान्झिस्टर. पुढे फर्बर यांनी ती किती वीज घेते ते मोजायला अँमीटर जोडला, तर काटा शून्यावर. चिप तर व्यवस्थित काम करत होती! शोधाशोध केल्यावर कळलं की बोर्डात दोष होता आणि चिपच्या वीजपुरवठ्याची तार जोडलीच गेली नव्हती. आजूबाजूच्या सर्किटांकडून येणाऱ्या सिग्नलांतून जी थोडी वीज आत झिरपत होती, तेवढ्यावर तो प्रोसेसर चालला होता. एक वॉटची मर्यादा ठेवली होती, प्रत्यक्षात दहाव्या भागावर काम भागलं. आज आपल्या फोनमधला प्रोसेसर त्याच घराण्यातला.

मग घरच्या सर्व्हरला आर्मचाच बोर्ड घ्यावा का? दोन-तीन वॉट वाचतील हे खरं. पण रास्पबेरी पाय ५ वर बाहेरच्या वस्तूंसाठी पीसीआय एक्सप्रेसची एकच लेन आहे आणि हार्ड डिस्क थेट जोडायला सॅटाचं एकही पोर्ट नाही. एका डिस्कसाठी, शिकण्यासाठी तो छान आहे. चार डिस्क लावायच्या तर मला तो ओढाताणीचा वाटतो.

इतका सगळा झोपेचा सरंजाम असूनही घराघरांतले कितीतरी सर्व्हर कधीच गाढ झोपत नाहीत. पूर्वी दोष ऑपरेटिंग सिस्टिमचा होता. एकेकाळी लिनक्सचा ठोका सेकंदाला हजार वेळा पडायचा, काम असो वा नसो. मिलिसेकंदाला एकदा उठवलं तर कोण कसा झोपणार? २००७ मध्ये २.६.२१ या आवृत्तीत हा बिनकामाचा ठोका बंद करण्याची सोय आली, आणि त्याच वर्षी इंटेलमधून पॉवरटॉप नावाचं साधन बाहेर पडलं. उगीच कोण उठवतंय, हे ते दाखवतं.

सर्व्हर उभा केला की पॉवरटॉप चालवून त्यातलं 'आयडल स्टॅट्स'चं पान उघडाच. काळ्या पडद्यावर तीन रकाने दिसतात. डावीकडे पॅकेज, म्हणजे अख्खी चिप, मधे प्रत्येक कोअर आणि उजवीकडे त्या कोअरचे लॉजिकल सीपीयू. उजवीकडे सी६, सी१० पुढे नव्वदीतले टक्के दिसतात आणि जीव सुखावतो. मग नजर डाव्या रकान्याकडे जाते, तर सी२ पुढे मोठा आकडा आणि त्याखाली सगळीकडे ०.०%. कोअर झोपलेत, चिप जागी आहे. घरात एक जण रात्रभर खोकत राहिला की सगळ्यांचीच झोपमोड होते, तसा हा प्रकार. पीसीआय एक्सप्रेसवर बसलेलं एखादं सॅटा कार्ड, एखादं नेटवर्क कार्ड किंवा एसएसडी आपली लिंक झोपवायला तयार नसते, आणि तेवढ्यासाठी प्रोसेसरला वरच्याच पायरीवर उभं राहावं लागतं. भिंतीतल्या सॉकेटला लावलेल्या वॉटमीटरवर त्याचे काही वॉट स्पष्ट दिसतात. बायॉसमध्ये ही लिंक झोपवणारी एएसपीएम नावाची सोय बऱ्याचदा मुळातच बंद असते. ती चालू करायची. पॉवरटॉपच्या 'ट्यूनेबल्स'च्या पानावर जिथे 'बॅड' लिहिलंय तिथे एकेक करून 'गुड' करून बघायचं, दर वेळी मीटरकडे नजर ठेवून. तरीही चिप जागीच राहिली, तर ते कार्ड बदलायचं. प्रोसेसर बदलून काही होणार नाही.

इथून निवड सोपी होते. दोन डिस्क, घरचे फोटो, थोडे सिनेमे एवढंच असेल तर एन१०० किंवा त्याच्या भावंडांपैकी कोणीही चालेल. चार कोअर, पंख्याशिवाय चालणारे बोर्ड, आणि फोनला न झेपणारा व्हिडिओ वेगळ्या स्वरूपात बदलून द्यायला वेगळं सर्किट आतच. मात्र त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या नऊच लेन आहेत आणि मेमरीची एकच वाट. चार-सहा सॅटा पोर्ट असलेल्या त्याच्या बोर्डांवर ती पोर्ट बहुधा वेगळ्या चिपने वाढवलेली असतात, आणि खोकणारा नेमका तिथेच निघू शकतो. डिस्क जास्त असतील तर मी आय३ आणि मूळचीच भरपूर सॅटा पोर्ट असलेला मदरबोर्ड घेईन. एएमडीकडे बघत असाल तर एकाच तुकड्यात बनवलेले, नावात 'जी' असलेले प्रोसेसर बघा. अनेक तुकडे जोडलेले रायझन कामाला जबरदस्त, पण ते तुकडे आपसांत बोलत राहतात आणि निवांतपणीही बरीच वीज घेतात. आणि ऑफिसांतून निघालेला, हाताच्या पंजाएवढा जुना इंटेल डेस्कटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला रास्त भावात मिळाला, तर नवं काही घेण्याआधी त्याला मीटर लावून बघा.

चुका सुधारणारी ईसीसी मेमरी हवीच का, यावर लोक हिरिरीने भांडतात. एन१०० ला ती चालत नाही. शक्य असेल तर जरूर घ्यावी. पण त्याच पैशात फोटोंची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवता येत असेल, तर मी आधी ती ठेवीन.

प्रोसेसर दोन वॉटांवर आणून ठेवल्यावर मीटरवर जे उरतं ते मुख्यतः डिस्कचं. साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत राहायला चार ते सहा वॉट घेते, चार डिस्क म्हणजे वीस वॉट. म्हणून लहान चार घेण्यापेक्षा मोठ्या दोन घ्याव्यात. दिवसातून एकदाच फोटो येत असतील तर रात्री त्या थांबवाव्यात. थांबलेली डिस्क एखाद्या वॉटवर भागवते. मात्र तासातासाला थांबवू-फिरवू नये, सुरू होण्याचा ताण मोटरला सोसावा लागतो. सुरू होतानाच एक डिस्क वीसेक वॉट ओढते. चार एकदम उठल्या तर काही सेकंद ८० वॉटांच्या वर मागणी जाते, आणि पॉवर सप्लाय तेवढ्यासाठी पुरेसा हवा. पण म्हणून ५०० वॉटचा आणू नये: पंधरा वॉटांचा भार म्हणजे त्याच्या क्षमतेचे तीन टक्के, आणि इतक्या कमी भाराला बरेच सप्लाय घेतलेल्या विजेचा मोठा हिस्सा स्वतःच उष्णतेत घालवतात. दोन डिस्कच्या सर्व्हरला बारा व्होल्टचा चांगला अडॅप्टर पुरतो. चार असतील तर लहानात लहान, चांगल्या दर्जाचा सप्लाय घ्यावा, आणि बोर्डात सोय असेल तर डिस्क एकामागून एक उठतील अशी सेटिंग करावी.